पंडिता रमाबाईंचे घरचे शिक्षण

पंडिता रमाबाईंचे नाव ऐकिले नाही असा आमचा वाचक क्वचितच असेल. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली, बाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर, ह्या गोष्टी आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ वेळा सांगितल्या जातात. परंतु वयाची पंचविशी गाठेपर्यंत ही विदुषी कोणत्याही शाळेत विद्यार्थिनी म्हणून बसली नव्हती, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्या काळपर्यंत जे काही त्यांना आले ते घरात, वाटेत व देवळांच्या ओवऱ्यांत आले.

आज हा विषय काढण्यास कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या कित्येक गावांतील कुटुंबे ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीशी बांधून निघतात व मुलांची शाळा पाच-सहा महिने सुटते. आईबाप म्हणतात, पोरांचे वर्ष बुडाले. दुसरीकडे, ज्यांची मुले घरापाशी आहेत ते म्हणतात, मुलाला शाळेत घातले, आता आमचे काय काम उरले? ह्या दोन्ही प्रकारच्या आईबापांनी रमाबाईंच्या बालपणाची हकीकत नीट ऐकावी असे आम्हांस वाटते. तीत उत्तेजन आहे, आणि एक कडू गोष्टही आहे. ती आम्ही झाकून ठेवणार नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकत असत. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या तोंडून शुद्ध संस्कृत निघते हे पाहून ह्या विद्यार्थ्याच्या मनात आले की, आपणही आपल्या पत्नीस शिकवावे. घरी येऊन त्यांनी तसा यत्न केला. पण घरातल्या वडील माणसांना ते रुचले नाही व पत्नीचेही मन त्यात लागले नाही. तो बेत तेथेच राहिला.

पुढे पहिली पत्नी निवर्तल्यावर शास्त्रीबोवा यात्रेस गेले असता पैठणास गोदेच्या काठी त्यांची एका प्रवासी ब्राह्मणाशी गाठ पडली. तो वाईचा होता. बरोबर बायको व दोन मुली. थोरली नऊ वर्षांची होती. बोलणे झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्या नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न चव्वेचाळीस वर्षांच्या शास्त्रीबोवांशी लागले. आजच्या वाचकाला हे वाचून वाईट वाटेल, व वाटावेच. तथापि त्या मुलीच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या, वाट्याला एक गोष्ट अशी आली की जी त्या काळी लाखांत एकीच्याही वाट्याला येत नसे. नवऱ्याने तिला शिकविले. ह्या वेळी त्यांनी कोणाचा विरोध जुमानला नाही. उडुपीच्या विद्वानांच्या सभेपुढे त्यांना जाब देण्यास जावे लागले, तेव्हा स्त्रियांस संस्कृत शिकविणे शास्त्राला सोडून नाही हे त्यांनी शास्त्राच्याच आधाराने मांडले. गावात राहून निभाव लागेना म्हणून त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात जाऊन राहण्याचे ठरविले.

तेथील पहिली रात्र उघड्यावर गेली. झोपडी अद्याप उभी राहिली नव्हती. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता. लहानगी लक्ष्मीबाई पासोडीत अंग गुंडाळून भुईवर थरथरत पडली होती आणि शास्त्रीबोवा उजाडेपर्यंत पहारा करीत बसले होते. अशा ठिकाणी त्यांनी घर उभारले. हळूहळू त्यांची कीर्ती पसरली, विद्यार्थी येऊ लागले, यात्रेकरूही येत. त्या घरी १८५८ सालच्या एप्रिलच्या २३ तारखेस रमाबाईंचा जन्म झाला. वाचलेल्या भावंडांत कृष्णाबाई व श्रीनिवास ही वडील, रमा शेंडेफळ.

आल्यागेल्याचे आदरातिथ्य करता करता शास्त्रीबोवांना कर्ज झाले. रमा सहा महिन्यांची असता घर सोडून सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर देऊन डोंगर उतरविली. तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे तिला घर असे राहिलेच नाही. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर आईवडिलांनी पुराण वाचावे, ऐकणाऱ्यांनी तांदूळ, पैसा, फळ काय ठेवतील ते घ्यावे, आणि पुढल्या तीर्थाची वाट धरावी, हा त्यांचा क्रम होता.

वडील मुलांना शास्त्रीबोवांनी स्वतः शिकविले होते. रमाच्या वेळी ते वृद्ध झाले होते, म्हणून ते काम लक्ष्मीबाईंवर आले. रमा आठ वर्षांची झाल्यावर धडे सुरू झाले व ती पंधरा वर्षांची होईपर्यंत चालले. आता लक्ष्मीबाईंना वेळ होता कधी? दिवसभर स्वयंपाक, पाणी, पूजेची तयारी, म्हाताऱ्या पतीची सेवा, आणि मुक्काम सारखा हलता. म्हणून त्यांनी पहाटेची वेळ धरिली. उजाडण्यापूर्वी त्या भुईवर निजलेल्या मुलीला उचलून कुशीत घेत, गोड शब्दांनी जागे करीत आणि आपण म्हणून तिजकडून म्हणवीत. पुस्तक नव्हते, पाटी नव्हती, आईचे तोंड हेच पुस्तक होते. पाखरे बोलू लागत तोवर त्या दिवसाचा पाठ झालेला असे. मग आई आपल्या कामाला लागे व मुलगी तोच पाठ दिवसभर घोळवीत राही.

अशा रीतीने व्याकरण झाले, कोश झाला, भागवतपुराण झाले. भागवताचे अठरा हजार श्लोक गणतात. ते सर्व रमेने बारा वर्षांची होईतो मुखोद्गत केले असे चरित्रकार लिहितात. पण आम्हांस ह्या संख्येपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचे अधिक मोल वाटते. आपल्या आईने आपल्या मनाला असे वळण लाविले की पुढे फारशा कोणाच्या मदतीवाचून आपणास शिकता आले, असे रमाबाईंनी आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. पाठ केलेले कालांतराने विसरते. शिकण्याची सवय एकदा लागली की ती विसरत नाही.

आमच्या मंडळ्यांतील आया म्हणतील की, आम्हांला कोठे संस्कृत येते? खरे आहे. पण जात्यावर बसलेल्या आजीच्या मांडीला डोके टेकून जी मुले निजत, त्यांना न शिकविता शंभर ओव्या येत असत, हे आपल्या गावांतील म्हाताऱ्या माणसांना विचारा. मोशेनेही इस्राएल लोकांना देवाच्या आज्ञा मुलांस शिकविण्यास सांगितले तेव्हा शाळा बांधा असे सांगितले नाही. घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता त्यांविषयी बोलत जा असे सांगितले. आणि तीमथ्याच्या विश्वासाचा उगम पौलाने त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्यापाशी दाखविला आहे.

भाषांचेही तसेच झाले. रमेला मराठी कोणी मुद्दाम शिकविली नाही. आईवडील आपसांत शुद्ध मराठी बोलत ती तिच्या कानी पडे, आणि वाचावयास जे हाती लागेल ते ती वाची. कानडी मुलखात मुक्काम असता कानडी आली. उत्तरेकडे गेल्यावर हिंदुस्थानी आली. बंगाल्यात राहिल्यावर बंगाली आली. बाजारात भाजी घेताना, विहिरीवर पाणी भरताना, देवळात बायकांशी बोलताना जी भाषा कानी पडते ती मुलाच्या तोंडी बसते. तिला व्याकरणाची वाट पाहावी लागत नाही. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली आपली मुले कानडी बोलत परत येतात तेव्हा आपण हसतो. ती काहीतरी मिळवून आली असे आपण म्हणत नाही. ह्या बंगालीचे पुढे काय झाले ते वाचक खाली पाहतील.

आता कडू गोष्ट. ह्या घरच्या शिक्षणाला भिंती होत्या. मुलांचा बाहेरच्या जगाशी संबंध येऊ नये अशी आईवडिलांची इच्छा होती. संस्कृताखेरीज दुसरी विद्या शिकविणे त्यांना मान्य नव्हते. ऐहिक विद्येने मन संसाराकडे ओढले जाते असे त्यांना वाटे. स्त्रियांना शिकविण्यासाठी एवढा छळ सोसलेल्या शास्त्रीबोवांनीही मुलीला वेद शिकविले नाहीत. आणि हाताचे काम तर कोणासच शिकविले नाही. घरात पाच माणसे, पाचही विद्वान, आणि चार आणे मजुरी मिळवील असा हात एकाचाही नाही.

मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हे उघड झाले. पुराण ऐकण्यास कोण येणार, व आला तरी देणार काय? जवळचे होते नव्हते ते दान-धर्मात व अनुष्ठानांत गेले होते. देव प्रसन्न होऊन द्रव्य देईल ह्या आशेने त्यांनी भांडीकुंडीही विकली. मजुरी करावी तर येत नाही, भीक मागावी तर जीभ वळत नाही. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात ही माणसे शिरली आणि अकरा दिवस झाडांचा पाला खाऊन राहिली. शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. तेव्हा श्रीनिवास पुढे आला व म्हणाला की, मी जातीचा अभिमान बाजूला ठेवितो आणि मोलमजुरी करून तुम्हांस पोसतो. तो विचार थोडा आधी सुचला असता तर! रान सोडून ती एका गावी देवळाच्या आश्रयाला आली; परंतु थोड्याच दिवसांत, १८७४ सालच्या जुलै महिन्यात, शास्त्रीबोवा वारले.

काही आठवड्यांनी रायचुरास लक्ष्मीबाईंची पाळी आली. तापाच्या भरात त्या खाण्यास मागू लागल्या. सोळा वर्षांची रमा शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावयास गेली. जिला हजारो श्लोक न अडखळता म्हणता येत, तिच्या तोंडून ते चार शब्द निघेनात. डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. बाईने ओळखून भाकरी दिली. पण ती खाण्याची शक्ती आईला उरली नव्हती. प्रेत उचलण्यास दोनच ब्राह्मण मिळाले. म्हणून बहीणभावांनी खांदा दिला, आणि रमा ठेंगणी असल्यामुळे तिला तिरडीची बाजू डोक्यावर घ्यावी लागली. तशी ती सुमारे तीन मैल चालली. पुढे थोड्याच काळात कृष्णाबाईही पटकीने गेल्या.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत उत्तरेकडे गेली. थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून झेलम नदीच्या वाळवंटात थडग्यासारखे दोन खड्डे खणून ती त्यांत निजत व मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेत. परंतु ह्या भटकंतीत त्यांचे डोळेही उघडले. हिमालयात एका पवित्र मानलेल्या तळ्यात सात तरंगते पर्वत असून निष्पाप माणसाच्या दिशेने ते आपोआप सरकतात अशी ख्याती होती. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, असे पुजारी सांगत. श्रीनिवासाने पहाटे कोणी नसता तळ्यात उडी टाकिली व पोहत जाऊन पाहिले, तो लाकडाच्या तराफ्यावर मातीचा ढीग करून त्यात झाडे लाविली होती. यात्रेकरूंनी दक्षिणा ठेविली की मागून होडीतले पुजारी तराफा ढकलीत. ज्या मुलांना पोथीतील प्रत्येक अक्षर खरे मानावयास शिकविले होते, ती आता स्वतः पाहून ठरवू लागली. आईने लाविलेले वळण येथे पोथीच्याही पलीकडे गेले.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची संस्कृतात परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिला वेदाची प्रत देऊन तो वाचण्याचा आग्रह केला; बापाने बंद ठेविलेले दार असे उघडले. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बाईंनी बाबू बिपिनबिहारी दास मेधावी ह्या वकिलांशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. दोघे आसामात सिल्चर येथे राहिली. तेथे एके दिवशी घरातील पुस्तकांत बाईंना एक लहान पुस्तक सापडले. ते लूककृत शुभवर्तमान होते, आणि ते बंगालीत होते. जी भाषा कोणत्याही पंतोजीने शिकविली नव्हती, तीत त्यांनी प्रभु येशूची कथा पहिल्यांदा मन लावून वाचली. देवाच्या योजना आम्हांस पुष्कळदा मागाहून कळतात.

पती १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने गेले. कडेवर दहा महिन्यांची मनोरमा. बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री-शिक्षिका तयार करा व स्त्रियांस वैद्यकी शिकवा अशी मागणी केली. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, व सप्टेंबरच्या २९ तारखेस वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इतर विषय शिकत. सव्विसाव्या वर्षी प्रथमच वर्गाच्या बाकावर बसल्या, व मागे पडल्या नाहीत.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. जावयाचे होते थोड्या दिवसांसाठी, राहणे झाले अडीच वर्षांवर. तेथे त्यांनी एक गोष्ट शोधून काढून शिकून घेतली. ती म्हणजे जर्मनीच्या फ्रबेल नावाच्या शिक्षकाने काढिलेली किंडरगार्टनची पद्धत. लहान मुलाने हाताने करावे, खेळावे, गावे, बागेत काम करावे आणि त्यातून शिकावे, असे तिचे स्वरूप. आम्हांस वाटते की, आईच्या कुशीत जे मिळाले होते त्याचेच दुसरे रूप बाईंना तेथे दिसले असावे, आणि जे मिळाले नव्हते, म्हणजे हाताचे काम, तेही तेथे दिसले. त्या पद्धतीला धरून मराठी मुलांसाठी सचित्र वाचनपुस्तके तयार करण्यास त्या तेथेच लागल्या. त्याच वेळी त्यांना पाच वर्षांच्या मनोरमेला इंग्लंडातील धर्मभगिनींकडे परत पाठवावे लागले. हजारोंच्या मुलींची आई होण्याच्या तयारीत स्वतःच्या मुलीला पहाटे कुशीत घेऊन शिकविण्याचा काळ निघून गेला. ती हळहळ बाईंच्या मनात असलीच पाहिजे.

१८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. त्याची हकीकत, आणि १८९३ साली त्यावर उठलेले वादळ, सर्वांस माहीत आहे. आमच्या विषयाशी अधिक संबंध केडगावचा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून बाईंनी सुमारे तीनशे मुली आणिल्या व १९०० साली गुजराथेतून त्याहूनही पुष्कळ. मुक्तिसदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दुष्काळ म्हणजे काय ते बाईंना कोणी सांगण्याची गरज नव्हती. तिरुपतीच्या रानातील पाला त्यांनी चाखिला होता. म्हणून त्या मुलींना त्यांनी केवळ अक्षरे शिकवून सोडले नाही. कोणी मागावर बसे, कोणी घाण्यावर तेल काढी, कोणी गाईंची धार काढी, कोणी शिवण करी, कोणी मळ्यात पाणी धरी, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. हिशेब कोठारात धान्य मापता मापता येई. मोठी मुलगी धाकटीला सांभाळी आणि आपणास आले ते तिला शिकवी. मनोरमाबाई मोठ्या होऊन मदतीला आल्यावर आंधळ्या मुलींना ब्रेल लिपीने बोटांनी वाचावयास शिकविण्याची सोय झाली. सकाळसंध्याकाळ सर्वांची प्रार्थना होई. घर कोठे संपते आणि शाळा कोठे सुरू होते हे केडगावी सांगता आले नसते.

कोणी म्हणेल, मग मुलांना शाळेतच का घालावे? रमाबाईंनी असे कधी म्हटले नाही. शाळा काढण्यात त्यांचे आयुष्य गेले, शिक्षिका तयार करण्यासाठी त्या सरकारपाशी भांडल्या. घरची विद्या व शाळेची विद्या ह्यांपैकी एकच मिळाली तर काय होते, हे त्यांच्या एकाच घराण्यात दिसून आले होते. ऊसतोडीच्या फडावर मुलाला मोळ्या मोजावयास लावा, रात्री पालात दिव्यापाशी त्याजकडून शुभवर्तमानातील एक गोष्ट म्हणवून घ्या, आणि त्या गावच्या शाळेत त्याला बसवून घेतात का हे पहिल्याच आठवड्यात गुरुजींना जाऊन विचारा. ह्यात पैसा लागत नाही.

बाईंनी अखेरची कित्येक वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतराला दिली. प्रचलित भाषांतर खेड्यातील बायकांना जड जाते असे त्यांना दिसले होते. त्यासाठी त्यांनी इब्री व ग्रीक ह्या भाषा हाती घेतल्या, व्याकरणे व कोश पुढे ठेवून, पूर्वी संस्कृत शिकल्या होत्या तशाच चिकाटीने. संस्कृताच्या ह्या पंडितेने भाषांतरात संस्कृत शब्द होता होईल तो टाळिले. मजकूर मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्याच मुलींनी जुळविला. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. आई त्यानंतर नऊ महिने काम करीत राहिली, आणि १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस प्रभूजवळ गेली. समग्र शास्त्र १९२४ साली केडगावी छापून निघाले. ज्यांच्यासाठी ते केले होते त्यांपैकी पुष्कळ बायकांना वाचता येत नव्हते. मुक्तीतून शिकून गेलेल्या मुली त्यांना ते वाचून दाखवीत.